जाड ऑइल चांगलं, हे आता का चालत नाही?

नव्या पेट्रोल गाडीत ऑइल ओतताना कधी जवळ उभं राहून पाहा. धार इतकी पातळ असते की डबा बदलला की काय, अशी शंका येते. मारुतीच्या अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ लागतं, होंडाच्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० सर्रास असतं. ज्यांची हयात बाइकच्या ‘ट्वेंटी-फॉर्टी’वर आणि ट्रकच्या ‘फिफ्टीन-फॉर्टी’वर गेली, त्यांना हे ऑइल वाटतच नाही. मग गॅरेजमध्ये ठरलेला संवाद होतो. “साहेब, हे कंपनीचं पाणी आहे नुसतं. आपल्याकडचा उन्हाळा बघा. जरा जाड टाकू का? आवाज पण कमी होईल.”

सल्ला आपुलकीचा असतो. आवाज थोडा कमी होतो हेही खरं, आणि तीस वर्षांपूर्वी हा सल्ला बरोबरच होता. आज तो का चुकतो हे कळायला ऑइलकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावं लागतं. या काळात ऑइल बनवणाऱ्या केमिस्टांचा बराचसा वेळ काही नवं घालण्यात गेलेला नाही. चांगलं चाललेलं काहीतरी काढण्यात गेला आहे. आधी जाडपणा काढला. फॉस्फरस कमी केला. राख मागे ठेवणारी द्रव्यं कमी केली. मग कॅल्शियमवर पाळी आली. यातली एकूण एक गोष्ट एकेकाळी ऑइलचा गुण म्हणून विकली जायची. ती काढायला लागली, कारण इंजिन बदललं आणि त्याहून जास्त बदलला तो सायलेन्सर.

नागपूरचा मे महिनाही इंजिनाला थंडच

कॅनवरचे आकडे आधी उलगडू. ‘५डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, पलीकडचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ते किती जाड राहतं ते सांगतो. हे आकडे अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले आहेत. शून्य डब्ल्यूचं ऑइल उणे ३५ अंशांतही क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरू देईल इतपत पातळ राहिलं पाहिजे, अशी अट आहे. दुसरा आकडा २० असेल तर १०० अंशांना जाडी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या (हे ऑइलच्या जाडीचं माप) दरम्यान हवी, ४० असेल तर १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. १६ ही ग्रेड २०१३ साली आली, १२ आणि ८ त्यानंतर २०१५ साली.

इथे रास्त शंका येते: आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? उणे ३५ चं आम्हाला काय?

उणे ३५ चं काहीच नाही. पण इंजिनाच्या हिशेबात थंडी कुठे संपते ते पाहा. ऑइलचं कामाचं तापमान ९० ते १०० अंशांच्या घरात असतं. नागपुरात मेमध्ये सावलीत ४० अंश असताना उभी गाडी चालू केली, तरी इंजिन आपल्या कामाच्या तापमानापेक्षा पन्नास-साठ अंशांनी थंड आहे. आणि या ४० अंशांनाच दोन ऑइलांमधला फरक डोळ्यांत भरतो. १५डब्ल्यू-४० ची जाडी इथे शंभर सेंटिस्टोक्सच्या वर असते, चांगल्या ०डब्ल्यू-२० ची पंचेचाळीसच्या आसपास. गाडी तापली की पहिलं चौदाच्या जवळ येतं, दुसरं आठ-साडेआठवर. म्हणजे तापल्यावर दोघांत पाच-सहाचा फरक, आणि सकाळी चालू करताना पन्नास-साठचा. मुलांना शाळेत सोडून भाजी घेऊन परत येणाऱ्या गाडीचं बहुतेक आयुष्य या सकाळच्या फरकातच जातं.

जाड ऑइल ढवळायला पेट्रोल खर्च होतं, इतकं साधं हे गणित आहे. फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या हिशेबानुसार, कारमध्ये भरलेल्या इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा घर्षणावर मात करण्यात जातो. त्यात टायर, ब्रेक, गिअरबॉक्स सगळं आलं. इंजिनाचा वाटा त्यातला सुमारे ३५ टक्के.

हे घर्षण दोन प्रकारचं असतं. एक, धातूला धातू घासण्याचं. दुसरं, ऑइलचे थर एकमेकांवरून सरकताना खुद्द ऑइलच जो विरोध करतं त्याचं. ऑइल जाड केलं की पहिलं कमी होतं आणि दुसरं वाढतं. पातळ केलं की उलट. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक याने १९०२ साली बेअरिंगांवर प्रयोग करून याचा आलेख काढला. तो एका बाजूला उंच असतो, मध्ये खाली जातो, पुन्हा हळूहळू चढतो. तळाशी घर्षण सर्वांत कमी. जुनी इंजिनं या तळाच्या बरीच पुढे, जाड ऑइलाच्या सुरक्षित चढावर चालायची. नव्या इंजिनांना तळाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेतात. अलीकडे थोडं जास्त सरकलं की धातू धातूला भिडतो, म्हणून हा खेळ नाजूक आहे. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर सर्वांत पातळ जागी जेमतेम मायक्रॉनभर असतो, कधी त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

त्यामुळे पातळ ऑइल एकटं येत नाही, इंजिनही त्याच्या मापाने घडवतात. बेअरिंगवर पॉलिमरचा लेप, सिलिंडरच्या आतल्या भिंतीची जास्त गुळगुळीत घासणी, पिस्टन रिंगांचा दाब कमी, गरजेनुसार दाब कमी-जास्त करणारा ऑइल पंप. ऑइलमध्ये मॉलिब्डेनमचं एक संयुग घालतात. धातू भिडायची वेळ आली की ते पृष्ठभागावर निसरडा थर तयार करतं. ऑइलची परीक्षाही १०० अंशांवर थांबत नाही. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चिरडलं जातं तसं वेगाने चिरडून जाडी मोजतात. तिथे १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ मार्क लागतात, २० ग्रेडला २.६ आणि १६ ला २.३ पुरतात. हा आकडा कॅनवर छापत नाहीत, पण ‘ऑइल पातळ आहे’ याचा खरा अर्थ त्यातच आहे.

वाचतं किती, आणि कोणाचं?

जाहिरातीत हा भाग फार गुळमुळीत असतो. एका ग्रेडवरून खालच्या ग्रेडवर आलं की इंधन एखाद-दीड टक्का वाचतं, एवढंच धरून चला. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि ॲव्हरेज १८ चं असेल तर तुम्ही ६६७ लिटर पेट्रोल जाळता. त्याचा दीड टक्का म्हणजे दहा लिटर. हजार-अकराशे रुपये. पातळ सिंथेटिक ऑइल साध्या ऑइलपेक्षा जितकं महाग पडतं, त्यात यातले बरेचसे खर्चही होतात.

मग कंपन्या एवढा आटापिटा का करतात? कारण हिशेब त्यांच्या पातळीवर लागतो. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड किती, यावर आपल्याकडे २०१७-१८ पासून मर्यादा आहे. २०२२-२३ पासून ती किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमवर आली. इंजिन नव्याने घडवून एक ग्रॅम कमी करायला शेकडो कोटी लागतात. ऑइलची ग्रेड बदलून तोच ग्रॅम फारच स्वस्तात सुटतो. त्यात वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी जी चाचणी होते ती साधारण वीस मिनिटांची असते, आणि तिची सुरुवात थंड इंजिनाने होते. पातळ ऑइलचा फायदा सर्वांत जास्त जिथे मिळतो, नेमकं तिथेच मोजमाप. यात लबाडी नाही. आपली रोजची धावही तशीच तुकड्या-तुकड्यांची असते. फक्त ‘तुमचा खिसा वाचावा म्हणून’ ही गोष्ट कोणी सांगू लागलं तर थोडं हसावं.

सायलेन्सर आडवा आला

जाडपणाची गोष्ट निदान डोळ्यांना दिसते. पुढची दिसत नाही, म्हणून गॅरेजात तिची चर्चाही होत नाही. माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे.

जवळपास प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट नावाचं एक द्रव्य असतं. एवढं नाव कोणी घेत नाही, झेडडीडीपी म्हणतात. १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. सुरुवातीला ते बेअरिंग गंजू नयेत आणि ऑइल लवकर सडू नये म्हणून घालायचे. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. दाब आणि उष्णता पडली की ते फुटतं आणि धातूवर काचेसारखा कडक, केसाच्या जाडीच्या शेकड्याव्या भागाहूनही पातळ थर चढवतं. मग घासला जातो तो थर, धातू वाचतो. आणि थर पुन्हा चढतो. इतकं स्वस्त आणि इतकं गुणी दुसरं काही आजपर्यंत सापडलेलं नाही.

पण त्यात फॉस्फरस आहे. इंजिन थोडं का होईना, ऑइल जाळतंच. त्यातला फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि तिथल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमवर बसतो. हे महागडे धातू विषारी वायूंचं रूपांतर करायला तिथे ठेवलेले असतात. त्यांच्यावर फॉस्फरसचा लेप चढला की वायू त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून अमेरिकी-जपानी मानकांनी पेट्रोल इंजिनाच्या ऑइलातला फॉस्फरस पायरीपायरीने खाली आणला: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ०.१२ टक्के, मग ०.१०, आणि २००४ पासून ०.०८. खालीही मर्यादा आहे, ०.०६. त्याहून कमी झाला तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, झिजेल.

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर जिवापाड जपणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. त्या इंजिनांमध्ये कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो, तिथे दाब प्रचंड असतो आणि सगळी भिस्त झेडडीडीपीवर असते. आजचं सर्वांत महागडं ०डब्ल्यू-२० तिथे ओतणं म्हणजे हौसेला मोल देऊन गाडी बिघडवणं.

डिझेलच्या बाजूला फॉस्फरसपेक्षा मोठं दुखणं राखेचं. १ एप्रिल २०२० ला आपण प्रदूषणाच्या बीएस-फोर निकषांवरून एकदम बीएस-सिक्सवर उडी मारली, पाच मध्ये घेतलंच नाही. त्याबरोबर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, आलं. हा सिरॅमिकचा, बारीक बारीक नळ्यांचा ठोकळा असतो आणि काजळी त्यात अडकते. ठरावीक अंतराने इंजिन स्वतःच धुराचं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतं आणि साठलेली काजळी जाळून टाकतं. काजळी म्हणजे कार्बन, त्यामुळे ती वायू होऊन निघून जाते. ऑइलातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक मात्र जळत नाही. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख मागे उरते, तसंच. फरक इतकाच की ही चूल झाडता येत नाही. राख नळ्यांच्या टोकाशी साठत जाते, जागा कमी होत जाते, आणि शेवटी ठोकळा काढून साफ करणं किंवा बदलणं एवढेच मार्ग उरतात. बिल लाखाच्या भाषेत बोलतं.

ही राख येते मुख्यतः डिटर्जंटमधून. डिटर्जंट म्हणजे इथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार. पिस्टनवर घाण जमू न देणं आणि आम्ल मारणं हे त्यांचं काम. आम्ल यायचं कुठून? डिझेलमधल्या गंधकातून. गंधक जळून पुढे सल्फ्युरिक आम्ल व्हायचं आणि ऑइलात उतरायचं, म्हणून ऑइलात अल्कलीचा भरपूर साठा ठेवावा लागायचा. मोठा साठा म्हणजे भरपूर राख. जुन्या ट्रकच्या ऑइलात ती सव्वा-दीड टक्क्यापर्यंतही असायची आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

गाठ सुटली ती पंपावर. बीएस-थ्रीच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ३५० भाग चालायचं, बीएस-फोरमध्ये ५०, बीएस-सिक्समध्ये १०. गंधक गेलं, आम्ल कमी झालं, तसा डिटर्जंटही कमी करता आला. युरोपच्या एसीईए या मानकातल्या सी-टू, सी-थ्री वर्गांत राख जास्तीत जास्त ०.८ टक्के, सी-फोरमध्ये ०.५. यांनाच लो-सॅप्स किंवा लो-ॲश ऑइल म्हणतात. बीएस-सिक्स डिझेल एसयूव्हीमध्ये ‘आपलं नेहमीचं’ जुन्या पद्धतीचं ऑइल टाकलं तर इंजिन छान चालेल, आवाजही येणार नाही. नुकसान इंजिनाच्या मागे काही फुटांवर, अगदी गुपचूप होत राहील. दोन-तीन वर्षांनी डीपीएफचा दिवा लागेल तेव्हा ऑइलवर कोणाचा संशयही जाणार नाही.

घाट, टर्बो आणि कॅल्शियम

छोटं टर्बो पेट्रोल इंजिन ही या दशकातली आवडती जोडणी आहे. हजार सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. ॲव्हरेज चांगलं, ताकदही भरपूर. पण त्याबरोबर एक नवाच आजार आला: एलएसपीआय, म्हणजे कमी आरपीएमला, स्पार्क पडायच्या आधीच होणारा स्फोट.

खंडाळ्याच्या घाटात गाडी पाचव्या गिअरमध्ये, आरपीएम पंधराशे, आणि गिअर न उतरवता पाय पूर्ण दाबला: या आजाराला याहून सोयीची परिस्थिती नाही. सिलिंडरच्या भिंतीवर आपटलेलं पेट्रोल तिथल्या ऑइलात मिसळतं, पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी फटीत साठतं. त्यातला एखादा थेंब उडून वर जातो आणि पिस्टन अजून वर येत असतानाच पेट घेतो. वर येणाऱ्या पिस्टनला स्फोट खाली ढकलतो. एक दणका मोठा असतो. असे काही बसले तर रिंग धरून ठेवणारी पिस्टनची कड तुटते आणि इंजिनाचं काम काढावं लागतं.

शोध घेताना लक्षात आलं की ऑइलातलं कॅल्शियम या प्रकाराला खतपाणी घालतं. मॅग्नेशियम घालत नाही. झेडडीडीपी आणि मॉलिब्डेनम तर उलट आवर घालतात. म्हणजे पिस्टन स्वच्छ ठेवणारा, कित्येक दशकं विश्वासाने वापरलेला कॅल्शियमचा डिटर्जंट आता पिस्टन फोडायला मदत करत होता. त्याचा काही भाग काढून मॅग्नेशियम आणावं लागलं. ऑइलची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एपीआय या संस्थेने २०१८ साली ‘एसएन प्लस’ हे मधलंच मानक एवढ्यासाठी काढलं, मग मे २०२० मध्ये ‘एसपी’ आलं. त्यात टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी घातली, कारण थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनात काजळी होते, ती ऑइलात उतरते आणि चेनच्या पिना घासून काढते. मार्च २०२५ मध्ये आलेलं ‘एसक्यू’ आणखी पुढे जातं: ऑइल जुनं झाल्यावरही एलएसपीआय आवरतं का, हेही तपासतं. नव्या ऑइलची परीक्षा घेऊन पास करणं सोपं होतं. गाडी चालते ती वापरलेल्या ऑइलवर.

गिअर उतरवणं हा इलाज अर्थात फुकट आहे.

‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणजे काय, हे विचारू नये

विचारलंत तर उत्तर देशावर अवलंबून आहे. ऑइलचा सत्तर-ऐंशी टक्के भाग म्हणजे बेस ऑइल. ते पाच गटांत मोडतं. पहिला साध्या शुद्धीकरणाचा, दुसरा हायड्रोजनने जास्त स्वच्छ केलेला. तिसऱ्या गटात कच्च्या तेलातलंच ऑइल, पण उच्च दाबाखाली आणखी हायड्रोजन देऊन त्याचे रेणू इतके नीटनेटके केलेले की तापमान बदललं तरी जाडी फारशी हलत नाही. चौथा गट खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेत जोडलेला, पीएओ. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात याच शब्दावरून जुंपली आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणता येईल असा कौल दिला. जर्मनीत मात्र तो शब्द असा सैल वापरता येत नाही.

कौल कसाही असो, ०डब्ल्यूची ऑइलं चांगल्या बेस ऑइलशिवाय बनत नाहीत. साधं ऑइल पातळ केलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे जाड काढा उरतो. म्हणून एक चाचणी असते: २५० अंशांना तासभर तापवायचं, आणि १५ टक्क्यांहून जास्त उडता कामा नये. उडालेलं ऑइलही शेवटी सायलेन्सरकडेच जातं, हे आता सांगायला नको.

ऑइल वाढलं तर आनंद मानू नका

बीएस-सिक्स डिझेलवाल्यांना कधीकधी एक चमत्कार दिसतो. महिनाभराने डिपस्टिक काढावी तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेलं. पूर्वी असं झालं की कूलंट मिसळलं अशी भीती वाटायची. आता बहुतेक वेळा ते डिझेल असतं. डीपीएफ तापवण्यासाठी इंजिन उशिरा थोडं जादा डिझेल फवारतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून घरंगळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये येतं. गाडी हायवेवर असेल तर साफसफाई एका दमात पूर्ण होते. ठाण्याहून अंधेरीपर्यंत ट्रॅफिकमध्ये सरकणारी असेल तर ती अर्ध्यात बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी आणखी थोडं डिझेल खाली. डिपस्टिक पुसण्याआधी नाकाशी धरा. वास लगेच कळतो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ऑइल बदला.

पेट्रोल हायब्रिडची तऱ्हा वेगळी. इंजिन मिनिटभर चालतं, बंद होतं, बॅटरी गाडी ओढते, इंजिन पुन्हा चालू. ऑइल नीट तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार झालेली पाण्याची वाफ आत थंड होऊन ऑइलात मिसळते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं इथेनॉल पाण्याला घट्ट धरून ठेवतं, आणि गार इंजिनात दोघं मिळून चेंबरमध्ये मुक्काम ठोकतात. ऑइल भरायचं झाकण उघडून खालच्या बाजूने पाहा. पावसाळ्यात, फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे पांढुरका-पिवळट चिकटा दिसतो. ते ऑइल आणि पाण्याचं मिश्रण. थोडा असेल तर अर्धा-पाऊण तासाच्या लांब फेरीत उडून जातो. नव्या ऑइलांमध्ये हे पाणी धरून ठेवून धातूपासून लांब ठेवणारी द्रव्यं असतात, पण त्यांचीही कुवत असते.

म्हणून मॅन्युअलमध्ये ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असं एक वेगळं कोष्टक असतं, त्यात ऑइल बदलायचं अंतर कमी दिलेलं असतं. छोट्या फेऱ्या, धूळ, तासन्‌तास ट्रॅफिक, सतत घाट. आपल्यातले बहुतेक लोक याच कोष्टकात बसतात आणि दुसरंच वाचतात.

कॅन हातात घेतल्यावर

ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. काही मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतात. त्यातली कोणतीही चालेल आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीने लांब जाणार असाल तर त्यातली जाड निवडायला हरकत नाही. ०डब्ल्यू-१६ च्या इंजिनात मॅन्युअलबाहेरचं जाड टाकलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी जाम होणार नाही. पण व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, ती सुस्तावते, आणि ॲव्हरेजही पडतं. उलटी चूक जास्त महाग. २००८ सालच्या, रिंगा सैल झालेल्या गाडीत ०डब्ल्यू-१६ घातलं तर ते जळेल आणि दाबही टिकणार नाही. ही गल्लत होऊ नये म्हणून अमेरिकी मानकात ०डब्ल्यू-१६ च्या कॅनवर नेहमीच्या चांदणीऐवजी ढालीचं वेगळं चिन्ह असतं. फोक्सवॅगनने तर आपल्या ५०८ आणि ५०९ क्रमांकाच्या पातळ ऑइलला हिरवा रंगच देऊन टाकला.

ग्रेडनंतर मानक पाहायचं. पेट्रोलला एपीआय एसपी किंवा एसक्यू. डीपीएफ असलेल्या डिझेलला एसीईएचा सी वर्ग, किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीचा स्वतःचा क्रमांक असेल तर तो. काउंटरवर ऑइलबरोबर जी ‘इंजिन ट्रीटमेंट’ची छोटी बाटली पुढे सरकवतात ती तिथेच राहू द्या. एवढी मापून कमी केलेली राख आणि फॉस्फरस त्या बाटलीतून परत आत जाऊ शकतात.

आणि उरलेलं अर्धा लिटर कारचं ऑइल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात भिजलेला असतो. कारच्या ऑइलातली निसरडेपणा आणणारी द्रव्यं त्या प्लेटांवर बसली की क्लच सरकायला लागतो. बाइकच्या कॅनवर जेएएसओ एमए किंवा एमए-टू असं जपानी मानक लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या.